रात्री साडेनऊचा गठ्ठा

विरारला राहणाऱ्या आणि अंधेरीजवळच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिली तासिका सकाळी सव्वासातची. त्यासाठी पावणेसहाच्या आसपासची लोकल गाठायला हवी, म्हणजे साडेचारला उठणे आले. पाणी भरणे, डबे, मुलांच्या शाळेची तयारी आणि मग स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. दुपारी दीडला तासिका संपतात. त्यानंतर एखाद्या समितीची बैठक, हजेरीची माहिती संगणकात भरणे, शंका घेऊन आलेले विद्यार्थी. मग परतीची गाडी, वाटेत भाजी, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, जेवणे, आवराआवर. हे सगळे उरकले की रात्री साडेनऊच्या सुमारास ती पिशवीतून अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढते आणि लाल पेनाचे टोपण उघडते.

‘मला वेळेचे नियोजन जमत नाही,’ असे ती स्वतःबद्दल सांगते. डोके दुखते, झोप पुरत नाही, रक्तदाब थोडा वर गेला आहे, आवाज बसतो, वर्गात पूर्वीसारखा उत्साह वाटत नाही. या सगळ्याचे खापर ती स्वतःच्या गबाळेपणावर फोडते.

हे चित्र एकट्या कोणाचे नाही. वसई, नालासोपारा, विरारमधून मुंबईच्या महाविद्यालयांत शिकवायला जाणारे आणि वसईचे वर्तक महाविद्यालय, संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय किंवा विरारचे विवा महाविद्यालय अशा ठिकाणी शिकवायला येणारे अनेक प्राध्यापक यात थोडाफार फरक करून स्वतःचा दिवस ओळखतील. प्रश्न असा, की हा दोष खरोखर नियोजनाचा आहे का? आणि नियोजन सुधारले तर काम सुधारते का, की फक्त मन हलके होते? वैद्यकशास्त्र आणि मानसशास्त्र यांनी या प्रश्नांचा बराच अभ्यास केला आहे. त्यातून निघणारी उत्तरे बाजारात मिळणाऱ्या ‘यशस्वी व्हा’ छापाच्या पुस्तकांपेक्षा जरा वेगळी आहेत.

आठवड्याचा हिशेब

प्राध्यापकांना काय, दिवसाला तीन-चार तास शिकवायचे आणि घरी यायचे, अशी समजूत समाजात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत हिशेब वेगळा आहे. पूर्णवेळ अध्यापकाने आठवड्याला किमान ४० तास काम करावे, वर्षात ३० आठवडे म्हणजे १८० दिवस अध्यापनाचे असावेत आणि रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध राहावे, असे त्यात म्हटले आहे. यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४ तास. मुंबईतील महाविद्यालयांत वर्षानुवर्षे रूढ असलेली ४८ मिनिटांची तासिका धरली, तर १६ तास म्हणजे बरोबर २० तासिका.

उरलेले २४ तास कशासाठी? तयारी, उत्तरपत्रिका तपासणे, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, संशोधन, परीक्षेतील पर्यवेक्षण आणि समित्यांची कामे यांसाठी. ‘नॅक’ची स्थापना १९९४ साली झाली. तेव्हापासून महाविद्यालयांचे मूल्यांकन जसजसे काटेकोर होत गेले, तसतशी प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे, अहवाल, उपस्थितीपत्रके सांभाळण्याची कामेही वाढत गेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर अभ्यासक्रम, श्रेयांक आणि मूल्यमापनाच्या पद्धती बदलल्या, आणि नव्या विषयांची तयारी नव्याने करावी लागली. ही सगळी कामे त्याच २४ तासांत बसवायची असतात.

आता फक्त एका कामाचा हिशेब करून पाहा. एका तुकडीत १२० विद्यार्थी आहेत. अंतर्गत चाचणीची एक उत्तरपत्रिका नीट वाचून गुण द्यायला ५ मिनिटे धरली, तर ६०० मिनिटे म्हणजे १० तास होतात. हे काम रोज रात्री साडेनऊ ते अकरा असे दीड तास केले, तर सात रात्री लागतात. तुकड्या दोन असतील तर चौदा. यात गुण यादीत भरणे आणि ‘सर, माझा एक गुण कमी पडला’ म्हणून येणाऱ्यांना उत्तरे देणे धरलेले नाही.

शिकवण्यापेक्षा प्रवास मोठा

विरारहून मुंबईला कामासाठी जाणे ही आजची गोष्ट नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली होती. १९३६ मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले, १९९० च्या दशकात महिला विशेष लोकलही विरारपर्यंत आली, आणि २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणूपर्यंत धावू लागली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. घर परवडते ते इथे आणि नोकरी असते तिथे, हे या भागातल्या असंख्य कुटुंबांचे वास्तव आहे.

चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. घरापासून महाविद्यालयाच्या दारापर्यंत, रिक्षा आणि फलाटावरची वाट धरून, एका बाजूला दीड तास लागला तर दिवसाचे ३ तास होतात. सहा दिवसांचे १८. म्हणजे अध्यापनासाठी ठरवून दिलेल्या १६ तासांपेक्षाही हा वेळ जास्त आहे. अध्यापनाच्या ३० आठवड्यांत तो ५४० तास होतो. सलग मोजले तर साडेबावीस दिवस आणि रात्री.

या तासांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर या अमेरिकी संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या नोकरदारांमध्ये तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २०८ प्रवाशांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले होते. हे संप्रेरक शरीरावरील ताणाचे माप मानले जाते. प्रवास जितका लांब, तितके कॉर्टिसॉल जास्त आणि प्रवासानंतर मुद्रितशोधनासारख्या कामात चिकाटी कमी, असे दिसले. याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. डब्यात एकूण किती गर्दी आहे यापेक्षा आपल्याच बाकावर अगदी खेटून कोण बसले आहे, याचा ताण अधिक होता. ‘चौथी सीट’ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पटवून द्यायला नको.

प्रवासाचा अंदाज बांधता न येणे हाही एक वेगळा ताण असतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून वसई-विरारदरम्यानची लोकल सेवा ठप्प झाली होती. असा दिवस क्वचित येतो. पण गाडी दहा मिनिटे उशिरा असली तर पहिली तासिका चुकेल, ही धास्ती पावसाळ्यात रोजची असते. त्यासाठी माणूस एक गाडी आधीची पकडतो, म्हणजे आणखी पंधरा मिनिटे लवकर उठतो. ही पंधरा मिनिटे झोपेच्या खात्यातून जातात.

साडेनऊला मेंदू कुठे असतो?

साडेचारला उठलेल्या माणसाला रात्री साडेनऊला जागे राहून १७ तास होतात. या आकड्याला झोपेच्या शास्त्रात महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी ४० जणांना एकदा सलग जागे ठेवले आणि एकदा मोजून मद्य दिले. दोन्ही वेळा हात आणि डोळे यांच्या समन्वयाची संगणकावरील चाचणी घेतली. १७ तास जागे राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरलेली आढळली. भारतात वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे.

ही तुलना थोडी सांभाळून घ्यायला हवी. प्रयोगातले लोक सकाळी आठपासून जागे होते, त्यामुळे त्यांचा सतरावा तास मध्यरात्रीनंतर आला. त्या वेळी शरीराचे आतले घड्याळही झोपेकडे ओढत असते. शिवाय उत्तरपत्रिका तपासणे म्हणजे गाडी चालवणे नव्हे. पण प्राध्यापिकेच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट उलट दिशेने काम करते. तिची झोप एका दिवसापुरती नाही, रोजच अपुरी आहे. अकराला झोपून साडेचारला उठले तर झोप होते साडेपाच तास. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, अशी शिफारस आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हान डोंगेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस मोजून झोप दिली. २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता दिवसेंदिवस उतरत गेली आणि शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. यातली काळजीची बाब पुढे आहे. या लोकांना स्वतःला मात्र आपण इतके मंदावलो आहोत असे वाटत नव्हते. पहिले काही दिवस झोप येत असल्याची जाणीव वाढली, नंतर ती जवळपास स्थिर राहिली, कामगिरी मात्र घसरतच गेली. ‘मला साडेपाच तास पुरतात, सवय झाली आहे’ या वाक्यावर म्हणूनच फार विश्वास ठेवता येत नाही.

याचा अर्थ, गठ्ठ्यातील शंभरावी उत्तरपत्रिका ज्या विद्यार्थ्याची आहे, तिच्याकडे पाहणारी नजर पहिल्या दहांकडे पाहणाऱ्या नजरेसारखी राहीलच याची खात्री नाही. नुकसान प्राध्यापिकेचे होतेच, पण त्या विद्यार्थ्याचेही होऊ शकते, आणि त्याला ते कळतही नाही.

नियोजनाने काय साधते?

वेळेचे नियोजन या विषयावर जगभर शेकडो अभ्यास झाले आहेत. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील ब्रॅड एऑन आणि सहकाऱ्यांनी त्यांपैकी १५८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत सुमारे ५४ हजार लोकांची माहिती होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणाचा निष्कर्ष असा : नियोजन करणाऱ्यांची कामगिरी मध्यम प्रमाणात चांगली असते, ताण कमी असतो, आणि नियोजनाचा सर्वांत ठळक संबंध दिसतो तो कामगिरीशी नव्हे, तर आयुष्याबद्दलच्या समाधानाशी.

हा निष्कर्ष उपयोगाचा आहे. नियोजनाने दिवसाचे तास वाढत नाहीत. वाढते ती ‘माझ्या दिवसावर माझा ताबा आहे’ ही भावना, आणि ही भावना प्रकृतीला हितकारक असते. पण काम दिलेल्या वेळेत मावतच नसेल, तर सुंदर वेळापत्रक करूनही ते मावणार नाही. बादली भरून वाहत असेल तर नळाकडेही पाहावे लागते.

मग वैयक्तिक पातळीवर चुका होतच नाहीत का? होतात, आणि त्यांतली एक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस कमी धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधले. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले, की तुमचा प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर होते ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. स्वतः सांगितलेल्या मुदतीत पूर्ण करणारे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. कारण साधे आहे. अंदाज करताना माणूस फक्त काम डोळ्यांसमोर आणतो. मधे येणारा ताप, पाहुणे, बंद पडलेला संगणक आणि अचानक आलेले परिपत्रक त्याच्या डोळ्यांसमोर नसते.

दुसरी अडचण कामे बदलण्याची. एक काम अर्धे सोडून दुसरे हाती घेतले, की मनाचा काही भाग पहिल्याच कामात घुटमळत राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ साली हे प्रयोगांतून दाखवले. स्टाफरूममध्ये अहवालाचे पान अर्धवट टाकून वर्गात धावणारा, वर्गातून येता येता व्हॉट्सअॅपवरचे संदेश वाचणारा आणि तेवढ्यात दारात उभ्या विद्यार्थ्याला ‘नंतर ये’ म्हणणारा प्राध्यापक दिवसभर कामात असतो. तरी संध्याकाळी एकही काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळत नाही.

ताबा कोणाच्या हातात?

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक विचार मांडला, जो आजही व्यावसायिक आरोग्यात पायाभूत मानला जातो. फक्त कामाचा बोजा माणसाला मोडत नाही. बोजा भरपूर आणि ते काम कसे, कधी करायचे याचा अधिकार मात्र थोडा, ही जोडी सर्वांत घातक. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ या दीर्घ अभ्यासातही कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

प्राध्यापकी हा एके काळी भरपूर मोकळीक असलेला पेशा होता. ती मोकळीक आता आटत चालली आहे, आणि ती सर्वांत कमी आहे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांकडे. त्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर ठरते. तयारीचा, प्रवासाचा वेळ त्यात मोजला जात नाही. एका महाविद्यालयात पुरेशा तासिका मिळाल्या नाहीत की दुसरे महाविद्यालय गाठायचे. सकाळी वसई, दुपारी बोरिवली अशी धावपळ करणाऱ्याला ‘दिवसाचे नियोजन करा’ असे सांगणे सोपे आहे. पण त्याचा दिवस त्याच्या हातात नसतो, दोन ठिकाणच्या वेळापत्रकांच्या हातात असतो.

स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक पाळी येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटे होता, आणि मुळात अशी कामे करणारे पुरुषच थोडे होते. पाच तास आणि दीड तास यांतल्या फरकाला नियोजनाचा दोष म्हणता येत नाही. घरातल्या कामांची वाटणी बदलली, तरच तो फरक कमी होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ‘हल्लीच्या मुलांना शिकवण्यात अर्थ नाही’ असे एखादे चांगले शिक्षक वारंवार म्हणू लागले, तर ते मुलांबद्दलचे मत असेल किंवा दुसरे लक्षण असेल. दोन्ही शक्यता तपासून पाहाव्यात.

काय करून पाहावे?

पहिला उपाय वहीचा. एक आठवडा दर अर्ध्या तासाला काय केले याची नोंद ठेवा. वेळ कुठे जातो याबद्दलची समजूत आणि वही यांत बहुतेकांना तफावत दिसते. या नोंदीतूनच पुढच्या कामाचा अंदाज करावा. ‘या वेळी पाच दिवसांत संपवीन’ असे म्हणण्याआधी मागचा गठ्ठा किती दिवस चालला होता ते पाहावे.

दुसरा उपाय गठ्ठा रात्रीतून बाहेर काढण्याचा. सकाळच्या सत्रात शिकवणाऱ्यांसाठी दोन तासिकांमधला मोकळा वेळ किंवा दुपारी घरी निघण्याआधीचा पाऊण तास तपासणीला द्यावा. वीस-वीसचे छोटे गठ्ठे करावेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा अशा क्रमाने तपासले, तर गुणांचे माप सारखे ठेवणे सोपे जाते. जेवणानंतर दुपारी थोडी सुस्ती येणे नैसर्गिक आहे. त्या वेळेत याद्या, हजेरी, फायली अशी कामे ठेवावीत आणि वाचन-लेखन शक्यतो सकाळच्या ताज्या तासांत करावे.

तिसरा उपाय कामे बदलण्यासाठी. वर्गावर जाण्यापूर्वी अर्धवट कामाच्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात : कुठवर आलो, परतल्यावर काय करायचे. अशी छोटी नोंद केल्याने मन पुढच्या कामाकडे अधिक मोकळेपणी वळते, असे लेरॉय यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसले आहे. महाविद्यालयाचे व्हॉट्सअॅप समूह दिवसातून ठरावीक दोन-तीन वेळा पाहावेत.

चौथा उपाय प्रवासाचा. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने काम करण्याचा अट्टाहास नको. डोळे मिटून घेणे, गाणी ऐकणे, ओळखीच्या गटात गप्पा मारणे हा वाया गेलेला वेळ नाही. काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसाचा अभ्यास केला. त्यात सकाळचा प्रवास सर्वांत नकोशा कामांत निघाला आणि माणसांशी गप्पा हव्याहव्याशा गोष्टींत. विरार लोकलमधली भजनी मंडळे आणि महिला डब्यातले वाढदिवस यांनी या दोन गोष्टींची सांगड केव्हाच घातली आहे.

पाचवा उपाय झोपेचा, आणि तोच सर्वांत अवघड. साडेचारला उठायचे असेल आणि सात तास झोप हवी असेल, तर अंथरुणात शिरायची वेळ रात्री साडेनऊ येते. म्हणजे नेमकी गठ्ठा उघडण्याची वेळ. रोज साधले नाही तरी आठवड्यातून चार दिवस साधावे. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून आठवड्याचे कर्ज फिटत नाही. उलट त्या रात्री झोप लांबते आणि सोमवारची पहाट अधिक कठीण होते.

पाणी पिण्याकडेही लक्ष हवे. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून कमी पाणी पिणाऱ्या शिक्षिका अनेक आहेत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, आणि कोरड्या घशाने सलग चार तासिका घेतल्या की आवाजाच्या पडद्यांवर ताण येतो. पाण्याची बाटली टेबलावर आणि मोठ्या वर्गात माइक, एवढ्याने बरेच साधते.

महाविद्यालयांनी करायच्या गोष्टी

वरचे सगळे केले तरी नळाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. लांबून येणाऱ्यांच्या तासिका सलग लावता येतात, मधे दोन तासांची रिकामी जागा टाळता येते. वेळापत्रक तयार करताना तपासणीचे तास त्यात अधिकृतपणे दाखवता येतात. समित्यांची कामे दरवर्षी फिरती ठेवता येतात, म्हणजे ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्या दोघा-तिघांवरच ती पडत नाहीत. तीच माहिती चार तक्त्यांत चार वेळा मागण्याऐवजी एकदाच मागता येते. आज सांगून उद्या हवे, असे परिपत्रक टाळता येते. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर एकदम लागू झाली आणि निकाल लांबले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पद्धत वाईट नव्हती. तयारीला पुरेसा अवधी मिळाला नव्हता.

कामगिरी मोजण्याच्या पद्धतीकडेही नव्याने पाहायला हवे. किती परिषदा, किती अहवाल, किती प्रमाणपत्रे हे मोजता येते. मागच्या बाकावरच्या मुलाला ताळेबंद समजला की नाही, हे सहज मोजता येत नाही. जे मोजले जाते तिकडे माणसाचा वेळ जातो, मग शिकवण्याचा वेळ आपोआप आकसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

थकवा सुट्टीनंतरही तीन-चार आठवडे टिकला, झोप लागत नसेल किंवा पहाटे अवेळी जाग येत असेल, छातीत धडधड किंवा दडपण वाटत असेल, आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, कशातच मन लागत नसेल, तर ‘कामाचा ताण आहे’ म्हणून अंगावर काढू नये. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, मधुमेह, नैराश्य यांपैकी काहीही असू शकते आणि साध्या तपासण्यांनी त्यांतले बरेच कळते. चाळिशीनंतर रक्तदाब आणि रक्तातील साखर वर्षातून एकदा तपासावी. श्रम करताना छातीत दुखले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. प्रवासाचे तास या मोजणीत धरलेले नाहीत. पण ४० तास नोकरी, १८ तास प्रवास आणि रोजची घरची पाच तासांची कामे यांची बेरीज ज्याची त्याने करून पाहायला हरकत नाही.

त्या प्राध्यापिकेने आज रात्री गठ्ठा पिशवीतच ठेवला आणि ती झोपली, तर तो आळस ठरत नाही. उद्या दुपारी स्टाफरूममध्ये उघडलेली तीच उत्तरपत्रिका अधिक लक्षपूर्वक वाचली जाईल. फक्त त्या दुपारी तिला कोणी ऐन वेळी बैठकीला बोलावू नये.